हवालदारांची रविवारची लढाई

कल्याणला खाडीकाठी एक बाभूळ आहे. तिच्याजवळून जाताना आमच्या गावची शहाणीसुरती माणसंसुद्धा खाली वाकतात. कारण तिथे समोरून तोफेचा गोळा येतो. हा गोळा सुटला तो आमच्या पणज्यांच्या काळात. पण हवालदारांच्या हिशेबी तो अजून हवेतच आहे.

हवालदार म्हणजे धोंडजी जाधव. मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी पलटणीतून पेन्शन घेऊन कल्याणला राहिलेले. मिशा पांढऱ्या, पण पाठ बंदुकीच्या नळीसारखी सरळ. मराठ्यांची आणि इंग्रजांची इथे जी लढाई झाली, तिची जागा लोकांना पायी फिरवून दाखवायची, हा त्यांचा दर रविवारचा नेम. आगगाडीतून उतरलेल्या पाहुण्याने 'इथे पाहण्यासारखं काय आहे?' एवढं विचारायचा अवकाश, तो सापडलाच.

"कदम मिलाके!" किल्ल्याच्या पायथ्याशी ते ओरडायचे, आणि कारकून, दुकानदार, पाहुणे, पाहुण्यांच्या कडेवरची पोरं अशी सगळी फौज निघायची. छत्री उघडायची नाही, शत्रूला दिसते. खोकायचं नाही, शत्रूला ऐकू जातं. एकदा एका म्हाताऱ्या आजोबांना उबळ आली, तर हवालदार म्हणाले, "बाबा, तुमच्यापायी अख्खी पलटण मरंल की!" आजोबांनी बिचाऱ्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला.

ठाण्याहून एक वकील आले होते. त्यांनी बाभळीपाशी वाकायला साफ नकार दिला.

"मी का म्हणून वाकू?"

"नका वाकू," हवालदार शांतपणे म्हणाले. "तुमच्या आधी बी एक न्हाई वाकला."

"मग त्याचं काय झालं?"

"काय व्हायचं? पगडी घरी पोचली."

वकील वाकले. इतके वाकले, की त्यांना उठवायला दोघे लागले.

माझं दुःख वेगळं होतं. मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला बदलून आलो, आणि पहिल्याच रविवारी हवालदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुम्ही इंग्रज."

"अहो, मी कसला इंग्रज?"

"तुम्हाला भाषा येती."

तेव्हापासून मी दर रविवारी इंग्रजांची फौज म्हणून एकटा पलीकडच्या बांधावर उभा राहायचो आणि सगळं कल्याण माझ्यावर चाल करून यायचं. घरी आलो की बायको पाणी देताना विचारायची, "आज तरी जिंकलात का?"

हवालदारांचा इतिहास जरा वाढत्या अंगाचा होता. चैत्रात ज्या टेकाडावर दोन तोफा असायच्या, तिथे श्रावणापर्यंत पाच व्हायच्या. मी एकदा भीत भीत म्हणालो, "हवालदार, गेल्या खेपेला दोनच होत्या."

"मागनं आल्या."

आणखी गंमत म्हणजे हा माणूस उभा जन्म इंग्रजांच्या पलटणीत राबला, त्यांचीच पेन्शन खात होता, आणि दर रविवारी त्यांनाच खाडीत बुडवत होता. हे कोणी बोलून दाखवलं तर म्हणायचे, "मीठ खाल्लं त्यांचं खरं. पर रविवारी सुटी असती."

घरी त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. बायको पूर्वीच वारली होती. एकुलता मुलगा दत्तू, बापाच्याच पलटणीत भरती झाला आणि कंदाहारकडच्या लढाईत पडला. हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. हवालदार स्वतः त्याचं नाव कधी काढत नसत, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

गेल्या माघातली गोष्ट. त्या रविवारी फौजेत एक अनोळखी तरुण होता. एका पायाने लंगडत होता, तरी सगळ्यांबरोबर चालला, सांगितलं तिथे वाकला. लढाई संपली, लोक पांगले. मी बांधावरून उतरून आलो तेव्हा तो हवालदारांसमोर उभा होता.

"दत्तू जाधवाचे वडील आपणच ना?" त्याने विचारलं. "मी रघू. त्याच्याच कंपनीत होतो. शेवटी त्याच्याजवळ होतो."

परेडचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. हवालदार जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "दाखव."

"काय दाखवू?"

"जागा कशी होती, ती दाखव."

रघूने इकडेतिकडे पाहिलं. मग चालू लागला. हवालदार त्याच्या मागे. "हा नाला समजा," रघू सांगत होता. "सुका. पलीकडं गावाची मातीची भिंत. आमची रांग हितनं तिथवर. सावली कुठंच नव्हती." हवालदार तो म्हणेल तिथे थांबत होते, तो दाखवेल तिकडे बघत होते.

एका ठिकाणी रघू उभा राहिला. "हितं."

"हितं?"

"व्हय. छातीत लागली होती. थोडा वेळ बोलत होता. पाणी मागत होता, पर कुणाकडंच न्हवतं. माफी करा, बाबा. खोटं सांगवंना."

"बरं केलंस," हवालदार म्हणाले. "समदे सांगत्यात, त्याला काय कळलं बी नसंल. कळत असतंय रं. म्या बघितल्यात माणसं." मग माझ्याकडे वळून, वर्गातल्या पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मास्तर, तिकडं बी कुणी म्हातारा असंल का? येणाऱ्याजाणाऱ्याला जागा दाखवत? हितं एक पोरगा पडला, म्हणत?"

मला भूगोल येतो, कंदाहार नकाशावर दाखवता येतं. पण नकाशात म्हातारे नसतात.

"असंल," रघू म्हणाला. "समद्या मुलखात म्हातारी माणसं असत्यात."

हवालदारांनी मान हलवली. मग पागोटं काढून बाजूला ठेवलं, खाली बसले आणि त्या एवढ्याशा जमिनीवरून हात फिरवू लागले, निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी आणि रघू जरा लांब जाऊन, पाठ करून उभे राहिलो.