मैत्रांगण सोसायटीचे दोन हजार मीटर

तळमजल्यावरच्या जिममध्ये कोणी रोइंग मशीनवर वल्हवायला बसलं की आमची तीन मजली इमारत सरकते. मशीनच्या पडद्यावर जेवढे मीटर दिसतात तेवढीच सरकते, त्यामुळे सोसायटीची त्याबाबत कधी तक्रार नव्हती. थोडं जायचं, मशीन उलटं फिरवायचं, तेवढंच परत यायचं आणि नळाला पाणी येण्याआधी इमारत प्लॉटवर आणून ठेवायची, असा ठराव आहे. दूधवाला मोटारसायकलवरून मागोमाग येतो. पोस्टमनलाही सवय झाली आहे.

अडचण एकच. वल्हवणारा पाठीच्या दिशेने जातो, जसा होडीत जातो, आणि कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही. म्हणून गच्चीवर उभं राहून कोणीतरी ओरडावं लागतं. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हे काम आणि सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या तांबटांची शलाका फंक्शनल फिटनेसच्या राज्य निवडीला बसते. ही निवड ज्याच्या त्याच्या जिममध्ये होते, पंच येऊन वेळ घेतात. या खेळात एकाच दमात वल्हवायचं, पेटीवर उड्या मारायच्या, जड चेंडू भिंतीवर फेकायचा आणि वाळूची पोती वाहायची. सुरुवात दोन हजार मीटर रोइंगने. तिथे घाई केली की उड्यांना पाय उरत नाहीत, आणि सावकाश गेलं तर आपण पोत्यांपर्यंत पोचतो तेव्हा बाकीच्यांची आंघोळ झालेली असते. शलाका दर वर्षी रोइंगमध्येच मागे पडायची. यंदा तिचं वयोगटातलं शेवटचं वर्ष होतं.

"पोरीत कमी काही नाही," तिचे प्रशिक्षक मुजावर सर सोसायटीच्या सभेत म्हणाले. "पायांनी ढकलते, पाठ सरळ ठेवते. पण पहिल्या आलेल्या मुलीची जिम पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिला काय ओढायचंय? आमची ही सगळी सोसायटी ओढते, वर उपासनीकाकूंची गोदरेजची दोन कपाटं."

"कपाटं माझ्या लग्नातली आहेत," अध्यक्षा कालिंदी उपासनी म्हणाल्या.

"मान्य आहे, काकू. पण ती ओढावी लागतात."

स्पर्धेच्या दिवशी इमारत हलकी करावी असं ठरलं. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या करायच्या, कपाटं प्लॉटवर ठेवायची, आणि शक्य त्या सभासदांनी खाली उतरायचं. इथे पहिल्या मजल्यावरचे नेने उभे राहिले.

"सगळे माझ्याकडे का बघताय? मी जड आहे असं सोसायटीचं मत आहे का?"

"मत नाही, नेने," मी म्हटलं. "निरीक्षण आहे."

नेने आपल्या मुलीकडे राहायला गेले. उपासनीकाकू मात्र उतरायला तयार नव्हत्या. अध्यक्षांनी इमारत सोडायची नसते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ठरल्या दिवशी पंच खासबारदार आले. इमारत सरकते हे मी त्यांना आधीच सांगितलं.

"नियमात मनाई नाही," ते म्हणाले. "मी मशीनवरचे मीटर बघणार. फक्त बाहेरून कोणी ढकलायचं नाही, आणि स्पर्धक मध्येच उठली तर बाद."

मशीन पश्चिमेकडे तोंड करून ठेवलं होतं, म्हणजे इमारत पूर्वेला, साखर कारखान्याच्या मोकळ्या रस्त्याने जाणार होती. तेवढ्यात उपासनीकाकू हळदकुंकू घेऊन आल्या.

"अगंबाई, शुभकार्याला पश्चिमेकडे तोंड? फिरवा आधी ते."

फिरवलं. पूजा झाली, नारळ फुटला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. शिट्टी वाजली, इमारत निघाली, आणि मी गच्चीवरून पाहिलं तर समोर पश्चिमेचं गावतळं.

"शलाका, तळं आलं!"

"उठले तर बाद होईन, भाऊसाहेब!" खालून आवाज आला.

"उठू नकोस. फक्त कळवलं."

तोवर ती नेहमीसारखीच मागे होती. खासबारदारांच्या हातातलं घड्याळ बघून मुजावर सर नुसते डोकं खाजवत होते. मग इमारत घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि तरंगली. पाण्यात इमारत हलकी चालते. शलाकाच्या प्रत्येक ओढीत जास्त मीटर भरू लागले, धोबी कपडे उचलून बाजूला झाले, बदकं उडाली, आणि तळ्याच्या मध्यावर दोन हजार मीटर भरले. तिच्यात इतका दम शिल्लक होता की उड्या तिने हसत मारल्या. इमारत डुलत असल्यामुळे चेंडू भिंतीवर आपटताना भिंतच कधी जवळ यायची, कधी लांब जायची. खासबारदारांना मळमळत होतं, पण ते खिडकीला धरून मोजत राहिले. पोती संपली तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं.

शलाकाची निवड झाली. नावेत बसून ती एसटी स्टँडला गेली आणि तिथून पुण्याच्या शिबिराला.

इमारत अजून तळ्यातच आहे. परत वल्हवून नेण्याइतका दम सोसायटीत दुसऱ्या कोणाला नाही. उपासनीकाकू म्हणतात, घाई कशाला, पाणी चोवीस तास आहे. दूधवाल्याने होडी घेतली. नेने मुलीकडून परतल्यापासून रोज थोडं वल्हवतात. प्रयत्न चालू आहे, एवढंच म्हणता येईल.

काल शलाकाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"भाऊसाहेब, आज अंतिम निवड आहे आणि इथलं मशीन बिघडलंय."

"काय झालं?"

"केव्हाची वल्हवतेय, पण इमारत जागची हलत नाही. इथले पंच म्हणतात, दोन हजार झाले, तू पहिली आलीस, निकालपत्रकावर सही कर. अहो, खिडकीतून तेच वडाचं झाड दिसतंय! अंतर कापलंच नाही तर सही कशी करू?"

"बरोबर आहे तुझं. सही करू नकोस. मशीन दुरुस्त करून द्या आणि पुन्हा वेळ घ्या, असं सांग त्यांना."

"पुन्हा घेतील?"

"घेतील. आणि हे बघ, बसण्याआधी तोंड कोणीकडे आहे ते विचारून घे."

ती हो म्हणाली. मी फोन ठेवला आणि घाईने गच्चीवर गेलो, कारण खाली नेने वल्हवायला बसले होते.