राहीबाईचं चार एकर रान

लालासाहेबांच्या सोप्यात ग्रामसेवक पत्र वाचू लागला, तेव्हा राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. आपलं नाव ऐकून तिचा हात परातीतच थांबला. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती या घरात भाकऱ्या टाकत होती. पण तिच्या नावानं सरकारचं पत्र कधी आलं नव्हतं.

"श्रीमती राहीबाई," ग्रामसेवक वाचत होता, "लहान शेतकरी, चार एकर. विहिरीवर पाण्याच्या इंजिनाला अनुदान मिळावं म्हणून अर्ज. साहेब मंगळवारी रान बघायला येणार, अंगठा तिथंच घेणार."

राहीबाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. "म्हंजी, मला रान हाय?"

लालासाहेबांनी कपाळाला हात लावला. आष्ट्याजवळच्या त्या गावात त्यांची साठ एकर बागायत होती. जमिनीची कमाल मर्यादा खाली येणार म्हटल्यावर त्यांनी ती कागदावर वाटून टाकली. थोडी बायकोच्या, म्हणजे वहिनीसाहेबांच्या नावावर, थोडी मेव्हण्याच्या, आणि विहिरीकडची चार एकर स्वयंपाकीणबाईच्या. तिनं आपला रेशनकार्डाचा कागद समजून अंगठा दिला होता. एवढ्यावर गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण लहान शेतकऱ्याच्या इंजिनाला सरकार पैसे देतं हे कळलं आणि त्यांना मोह आवरला नाही. तो अर्ज त्यांनीच ठोकला होता.

"निस्तं कागदावर हाय गं," ते म्हणाले. "सायबानं इचारलं तर म्हणायचं, रान माझं, मीच कसती. बाकी एक अक्षर बोलायचं न्हाई. भानगड भाईर आली तर समदी जमीन जाईल, कळलं?"

"कळलं की. पर हाय कुठं ते?"

चार दिवस तिनं एवढंच विचारलं. रान आपल्या नावावर आणि आपण त्याचं तोंडही पाहिलेलं नाही! या विचारात आमटीत दोनदा मीठ पडलं.

मंगळवारी वहिनीसाहेबांचं इरकली लुगडं नेसून ती जीपमध्ये पुढं बसली. विहिरीजवळ साहेब वही उघडून उभाच होता. पोरगेलासा, पण कामाला चोख.

"आजी, तुमचा बांध दाखवा."

आता आली का पंचाईत! राहीबाईनं चौफेर पाहिलं. जिकडंतिकडं ऊसच ऊस. ती सरळ लालासाहेबांकडं वळली. "आवं, त्यो आंबा माझ्यात येतो का?"

साहेबानं वहीतून मान वर केली. लालासाहेब घाईघाईनं म्हणाले, "व्हय, तुमचाच की!" बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला अहोजाहो केलं.

"आन ही हीर?"

"तुमचीच."

"आन ह्यो ऊस?"

लालासाहेबांनी उभ्या उसावरून एकदा नजर फिरवली. "तुमचाच."

"आजींना स्वतःचं रान माहीत नाही?" साहेबानं विचारलं.

"वय झालं, सायेब. नजर कमी झालीया. म्हणून कसतो मी. निम्म्या वाट्यानं." बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

साहेब भराभर लिहू लागला. राहीबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती वहीत डोकावली. "सायेब, निम्मा म्हंजी कुणाचा?"

"तुमचा, आजी. कारखान्यानं उसाचं बिल दिलं की निम्मं तुमचं. देतात ना हे?"

राहीबाईनं लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिला त्यांची दया आली, पण थोडीच.

"अवंदापासनं देणार हायत," ती म्हणाली.

लालासाहेबांनी साक्षीदार म्हणून मुकाट्यानं सही केली. इंजिन आजींच्या नावावर राहील, आजींच्याच विहिरीवर राहील आणि दर हंगामाला आपण येऊन पाहू, असं बजावून साहेब गेला.

महिन्याभरात इंजिन बसलं. ऊन तापलं होतं आणि वरच्या अंगाचा लालासाहेबांचा ऊस माना टाकू लागला होता. एके सकाळी लालासाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळले.

"राहीबाई, आज वरच्या उसाला जरा पाणी घिऊ का?"

राहीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"माझं भिजू द्या आदी," ती म्हणाली. "मग सांगती."