मधुकररावांनी बोर्डाला बोलतं केलं

मधुकररावांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: १९९१ साली ऑफिसातला कॉम्प्युटर हिरालालच्या चहानेच बिघडला. शेजारच्या टेबलावरच्या हिरालालचा कप त्या दिवशी कलंडला होता आणि दुपारपासून मशीन फ्लॉपी वाचेना, एवढं खरं. बाकीचं मधुकररावांनी जुळवलं, साहेबांना लिहून दिलं आणि हिरालालच्या घरीही सांगितलं. चहा मशीनपर्यंत पोचलाच नव्हता, असं हिरालाल आजवर म्हणत आले. दोघे रिटायर झाले, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत जेवले, पण हा विषय निघाला की पंगत मोडायची.

गेल्या महिन्यात ते मशीन भंगारात निघालं आणि मधुकररावांनी ते भंडाऱ्याला घरी आणलं. फ्लॉपी चालवणारा डिस्क कंट्रोलर बोर्ड आपल्या दुखण्याची खबर कोपऱ्यातल्या पिनांवर देतो, हे त्यांना जुन्या पुस्तिकेत सापडलं. ती लॅपटॉपला कळावी म्हणून मधे सीरियल अडॅप्टर हवा होता. तो त्यांनी स्वतःच जोडायला घेतला आणि काम सुरू व्हायच्या आतच दिघोरीला राहणाऱ्या हिरालालना फोन लावून रविवारी निकाल ऐकायला बोलावलं.

मग व्हायचं ते झालं. जुन्या पिनांचा बारा व्होल्टचा दणका बसून अडॅप्टरची पहिली चिप जळाली. दुसरी बसवताना तार कमी पडली, म्हणून दारावरच्या बेलची तार कापली गेली. शनिवारपर्यंत बोर्ड गप्पच. एक तार बोलायची, एक ऐकायची. आपण बोलायची तार बोलायच्याच तारेला जोडली, असं त्यांनी बायकोजवळ कबूल केलं.

"म्हंजे दोघंबी बोलून राहिले अन् आयकून कोणीच नाही राहिलं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तुम्हा दोघा मित्रायसारखंच."

त्याच रात्री मधुकररावांनी तारांची अदलाबदल केली. रविवारी हिरालाल आले आणि मुकी बेल दाबत पंधरा मिनिटं उन्हात उभे राहिले. घामाघूम होऊन ते खुर्चीत टेकले, तेव्हा मधुकररावांनी बटण दाबलं. स्क्रीनवर ओळ उमटली: कंट्रोलर ठीक. खाली दुसरी: ड्राइव्हचं दार उघडं.

फ्लॉपी घालायचं ते दार तर बंद दिसत होतं. मधुकररावांनी चिमट्याने आत चाचपलं, तेव्हा खटक्याखालून प्लास्टिकची चुरगळलेली पन्नी निघाली. तिला खर्र्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, चुरा अजून चिकटून होता. ती निघताच स्क्रीनवर 'तयार' असं आलं.

त्या ऑफिसात खर्रा खाणारे एकटे मधुकररावच होते. शरमेने त्यांचे कान तापले. पन्नी मुठीत दडपावी असंही क्षणभर वाटलं, पण हिरालाल पाहत होते.

"हे डबडं खोटं तं नाही ना बोलत?" हिरालालनी हळूच विचारलं.

"नाही. मीच चुकलो, हिरालाल."

"मले कायले सांगतं? तेहतीस वर्षं झाले, बायको मले टीव्हीच्या खोलीत चहा पिऊ देत नाही. आत्ता दिघोरीले चाल अन् तिले सांग."

मधुकरराव चपला घालू लागले. हिरालालनी टेबलाकडे बोट दाखवलं.

"हे सारं संग घे. मागल्या खेपेले तिनं नुसत्या तुह्या बोलण्यावर भरोसा ठेवला होता."