प्रलंबित तक्रारी : एक

मुरबाडकडच्या एका महाविद्यालयात 'विद्यार्थी यश सहाय्य कक्ष' होता. यंदाच्या प्रगती अहवालात त्याचे तक्रार-निवारण शंभर टक्क्यांच्या उंबरठ्यावर अडले होते. अडले होते ते एकट्या नथूमुळे.

धसईजवळच्या नथूने दीड वर्षापूर्वी अर्ज दिला होता : 'संगणकाचा तास पाचला सुटतो. आमची शेवटची एसटी पावणेपाचला जाते. पोरी अर्ध्यातून उठतात. तास आधी घ्यावा.' अर्जावर सात शिक्के होते, उत्तर नव्हते. त्याची मुलगी रत्नप्रभा अजून अर्ध्यातूनच उठत होती, आणि प्रात्यक्षिके पुरी झाल्याशिवाय तिला परीक्षेला बसता येणार नव्हते.

कक्षप्रमुख प्रमिला मॅडमनी तिला बोलावले.

"वडिलांना घेऊन ये. समाधानी आहे म्हणून सही केली की झालं."

"ते दिवाळीत वारले, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. "अगं, वाईट झालं." चष्मा पुन्हा चढला. "पण मग आता तक्रार आहे कोणाची?"

"माझी. एसटी माझी चुकते."

"तू विद्यार्थिनी. वेळेची तक्रार पालकांच्या रकान्यात येते. मृत्यूचा दाखला आण, लगेच मार्गी लावू."

दाखल्यासाठी रत्नप्रभाने ग्रामपंचायतीत तीन खेपा घातल्या. त्या तीन दिवसांचे तास बुडाले. दाखला पाहून मॅडम चक्क उठून उभ्या राहिल्या. अर्जावर आठवा शिक्का पडला : 'अर्जदाराची गैरसोय कायमची संपुष्टात. निकाली.'

"आणि तासाची वेळ?"

"तक्रारच उरली नाही, तर वेळ कशाला बदलायची?"

घरी गोजाबाईने भाकरी थापता थापता लेकीचे ऐकून घेतले. "जिता होता तवा कोन खुर्ची देत नव्हता त्याला. मेला नि साऱ्या कालेजाचं काम केलंन. थांब, आता मी देतंय अर्ज."

तिचा अर्ज परत आला. निकाली निघालेल्या विषयावर नवी तक्रार घेता येत नव्हती.

अहवालाचे प्रकाशन संगणकाच्या तासालाच झाले. पान चारवर नथू होता : 'पालक. समाधानी.' सभागृहात टाळ्या वाजल्या. बाहेर फलकावर परीक्षेला अपात्र ठरलेल्यांची यादी लागली होती. तीत आपले नाव वाचून रत्नप्रभाने एसटी गाठली.

सभागृहात वाटलेल्या अहवालाची प्रत तिच्या हाती होती. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापले होते : 'हे वाचून जे काही कळवणार नाहीत, ते समाधानी समजले जातील.' तिने पेन काढले आणि त्याखाली बापाचा अर्ज शब्दन् शब्द पुन्हा लिहिला.

तुम्हीही इथवर वाचलेत. आपली नोंद घेण्यात आली आहे.