फवारा आत, धूप बाहेर

भागवतरावांच्या बैठकीत उंदीर मेला होता. कुठे, ते मात्र सापडत नव्हतं. सोफा हलवून झाला, कपाट ओढून झालं, गाद्या झटकून झाल्या. आणि अकरा वाजता पाथरीहून दिनकरराव बबिताला सून म्हणून बघायला यायचे होते. मुलगा बबिताच्या मनात भरला होता, त्यामुळे पोरीच्या बापाचा जीव टांगणीला लागला होता.

बायकोने, म्हणजे राजेश्रीबाईंनी, मोगऱ्याच्या वासाचा रूम फ्रेशनर आणवला आणि अर्धा डबा एका दमात मारला. वास गेला नाही. उलट मोगऱ्याच्या ताटव्यात उंदीर मेल्यासारखं वाटायला लागलं.

"असल्या औषधानं नरडं धरतंय," म्हणत भागवतरावांच्या आईने, मनकर्णाबाईंनी, घमेल्यात गोवऱ्या पेटवून आणल्या. "लिंबाचा पाला अन् ऊद टाकते. आमी काय डबे फवारून संसार केले व्हय?"

"आत्याबाई, डब्यावर लिव्हलंय, विस्तवाजवळ मारायचं न्हाई. घर उडवायलाव का?" राजेश्रीबाई सासूवर ओरडल्या.

"मंग नको मारू! तुला कोण मारायला सांगायलंय?"

भागवतरावांचं डोकं उठलं. साडेदहा झाले होते. "बस्स! फवारा आत, धूप बाहेर!" असं ओरडून त्यांनी घमेलं उचललं आणि स्वतःच्या हाताने अंगणात, दारासमोर रिकामं केलं. आई रागारागाने मागच्या न्हाणीत पाय धुवायला गेली.

पण वारा नेमका दारातून आत शिरत होता. दोन मिनिटांत धूर, ऊद आणि मोगरा यांचा असा काही काला झाला, की राजेश्रीबाई डोळ्यांना पदर लावून बाहेर आल्या, मागून ओढणीत तोंड खुपसून बबिता, आणि शेवटी नाक पुसत भागवतराव.

हे समोरच्या महारुद्रने पाहिलं. दारात गोवऱ्या पेटलेल्या, घरचे डोळे पुसतायत, आणि म्हातारी कुठे दिसत नाही. दारासमोर गोवऱ्या कधी पेटतात, हे पालम गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याने गल्लीभर खबर दिली आणि पुढच्या तयारीला बाजारात पळाला.

शेजारच्या गीताबाईंनी येताक्षणी राजेश्रीबाईंच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "काल तर माझ्याकडून कढीपत्ता नेला गं माऊलीनं!"

राजेश्रीबाईंना खोकल्याने बोलता येईना. भागवतराव म्हणाले, "अहो, तसं काई झालं न्हाई..."

"असंच असतंय, मन मानत न्हाई," म्हणत कुणीतरी त्यांची पाठ थोपटली. आता काय करावं या माणसाने? जितकं सांगावं तितकी लोकांना त्याची जास्तच दया येत होती. अंगण भरलं, रस्ता भरला, आणि त्या गर्दीत जीप येऊन थांबली.

दिनकररावांनी गर्दी पाहिली आणि टोपी काढली. "लय वाईट झालं. सुतकात आता काय बोलायचं? पुढल्या साली बघू," म्हणून ते माघारी वळले. बबिताचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात मनकर्णाबाई ओले पाय पुसत दारात आल्या. "इतकी माणसं? कोण गेलं रं?"

गीताबाई किंचाळून खालीच बसल्या. भागवतरावांनी धावत जाऊन जीपपुढे हात जोडले, झालेलं सगळं सांगितलं आणि पाहुण्यांना घरात आणलं. "वासाचं तेवढं..." ते शरमेने पुटपुटले.

"कसला वास? मला करोनापासून वासच येत न्हाई," दिनकरराव ऐसपैस बसत म्हणाले. "नाकाचं सोडा, डोळ्यानं बघितलं की. म्हातारीसाठी अख्खी गल्ली रडायली होती. असल्या घरची पोरगी आमाला पायजे. तू काय म्हणतीस, पोरी?"

बबिता लाल डोळ्यांनी हसली आणि साखर आणायला आत पळाली.

"बघ, माझ्या गोवऱ्यांनीच जमलं," मनकर्णाबाई सुनेला म्हणाल्या.

"अन् डोळ्यातलं पाणी माझ्या फवाऱ्याचं होतं, आत्याबाई!"

भागवतराव दोघींना गप्प करणार, इतक्यात खांद्यावर दोन लांब हिरवे बांबू घेऊन महारुद्र दारात उभा राहिला. समोर म्हातारीला पाहून तो बांबू पाठीमागे लपवायला बघू लागला.

मनकर्णाबाईंनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि बांबूंकडे निरखून पाहिलं.

"आणलेत तर ठिव की बाबा," त्या म्हणाल्या. "मांडवाला लागतेत."