बेपत्ता पाटकरी आणि तांदळाच्या डब्यातला फोन

"साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात डोकं म्हणावं असं दोघांनाच मिळालं," हंबीरराव डिटेक्टिव्ह स्वतःची ओळख अशी करून देत. "त्यातला दुसरा मागल्या साली वारला."

हंबीररावांनी उभी हयात एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढली होती. विनातिकीट माणूस आपल्याला पाठमोरासुद्धा कळतो, असं ते सांगत. त्यासाठी आधी सगळ्या गाडीची तिकिटं बघावी लागत, एवढं मात्र सांगत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोडोलीत पिठाच्या गिरणीशेजारी 'गुप्तहेर' अशी पाटी लावली. गुप्तता राहावी म्हणून पाटीवर फक्त नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि हसरा फोटो होता.

गुंडू हा त्यांचा मदतनीस. बायको पारू गेल्यापासून घरात त्याला 'तुमचं चुकतंय' असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. हंबीरराव दिवसभर तेच म्हणत. तेवढीच सोबत.

सोमवारी सकाळी गुंडू नेहमीपेक्षा आधी आला.

"साहेब, पाटकरी बंद पडलाय."

हंबीरराव खुर्चीतून उठले. ही गोष्टच तशी होती, थोडं रान त्यांचंही होतं. नदीवरच्या उपसा योजनेचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, यावरून गावात पूर्वी डोकी फुटत. मग अभिराम नावाच्या पोरानं त्यावर एक प्रोग्राम केला. तो कोल्हापुरात कॉम्प्युटरची नोकरी करायचा आणि इथं त्याच्या मामाचं रान होतं. प्रोग्रामचं नाव 'पाटकरी'. पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात, तसा हा फोनमधला. ज्याची पाळी आली त्याला निरोप जायचा आणि भांडण मिटायचं. प्रोग्राम फुकट होता, वर आतून उघडाही होता. कोणीही बघावा, दुरुस्त करावा, आपल्या गावाला न्यावा. शाहूवाडीपासून नेसरीपर्यंत लोकांनी नेला. या पाणवठ्यावर घागर सगळ्यांनी आणली, गाळ काढायला कोणी आलं नाही.

उलट अभिरामला निरोप जात. 'हिरवा रंग बदला, आमच्या मंडळाचा द्या.' 'पहाटे फोन केला, उचलला नाही, ही काय सर्व्हिस?' 'म्हैस सुटलीय, तुमच्याकडं दिसती का?' एकानं तर पैसे परत मागितले होते. पैसे तू कधी दिलेसच नाहीस, असं अभिरामनं कळवलं, तर तो म्हणाला, "मग नुकसानभरपाई द्या."

आता निरोप थांबले होते आणि अभिराम फोन उचलत नव्हता. पाटाच्या तोंडाला रान असलेल्या यशराजनं आपल्या रानाकडचं पाण्याचं दार उघडं टाकलं ते टाकलंच. गुंडूचा भुईमूग पाटाच्या शेपटाला. बियाण्याच्या शेंगा पारूनं जाता जाता स्वतः निवडून ठेवल्या होत्या. आता आऱ्या, म्हणजे शेंगा धरणारे कोंब, जमिनीत शिरायची वेळ होती. गुरुवारपर्यंत पाणी आलं नाही, तर नुसता पाला हाती येणार होता.

"काळजी करू नको," हंबीरराव म्हणाले. "ही केस मी घेतली."

"दिली कुणी?"

"परिस्थितीनं."

दोघं कोल्हापूरला अभिरामच्या घरी गेले. त्याची आई नंदिनीकाकू यांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि काही बोलणार तोच हंबीररावांनी हात वर केला.

"ताई, तुम्ही काही बोलू नका. साक्षीदार बोलला की पुरावा बिघडतो."

काकू मेथी निवडायला लागल्या.

हंबीरराव अभिरामच्या खोलीत शिरले. "गुंडू, चप्पल दिसती का?"

"न्हाय."

"म्हणजे?"

"घालून गेला असंल."

"किंवा त्याला घालून नेला!" हंबीररावांनी भिंग काढलं. "कुणाचा फायदा झाला? यशराजचा. यशराजनं पोराला पळवला."

"साहेब, यशराजला स्वतःची गाडी सुरू करायला चौघं लागतात. माणूस कसला पळवतोय!"

"मग अमेरिका," हंबीरराव न थांबता म्हणाले. टेबलाजवळ पिझ्झाचं खोकं पडलं होतं. "तिकडच्या कंपनीनं उचलला. हा बघ माग. त्यांनी त्याला आधी खाऊ घातलं."

"खोक्यावर राजारामपुरीचा पत्ता हाय."

"तेच तर. संशय येऊ नये म्हणून."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून घुर्रर्र असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. हंबीरराव झटक्यात गुंडूच्या मागे गेले.

"बॉम्ब! गुंडू, तू पुढं हो. तुला अनुभव पाहिजे."

आवाज तांदळाच्या डब्यातून येत होता. गुंडूनं झाकण काढून हात घातला. आत फोन होता, अभिरामचा.

हंबीररावांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांनी तो दुःखी केला. "फोन तांदळात कधी ठेवतात? भिजल्यावर. फोन भिजला, म्हणजे खिसा भिजला. खिसा भिजला, म्हणजे माणूस... गुंडू, रंकाळ्यात गळ टाकायला सांग."

"भिजला बिजला नाही हो," काकूंना आता राहवेना. "रात्रंदिवस टेबलावर थरथरायचा. बंद करावा तर घरचे फोन त्याच्यावरच येतात. तांदळात आवाज कमी होतो."

त्यांनी फोन घेतला आणि निरोप वाचून दाखवले. "'झोपलास का मेलास?' हे कुणीतरी शाहूवाडीचे. त्याला ताप होता, तसं त्यानं कळवलं, तर हे म्हणतात, 'ताप उतरेपर्यंत बदली माणूस ठेवा.' आणि हा बघा. 'त्वरित उत्तर न आल्यास कारवाई करण्यात येईल. हंबीरराव, गुप्तहेर.' तुम्हीच ना?"

हंबीररावांनी भिंग खिशात घातलं. "तो ड्राफ्ट होता."

गुंडूनं डब्याचं झाकण नीट लावलं. "काकू, अभिराम कुठं हाय ओ?"

"नेसरीला, मावशीकडं. रानातलं तण काढायला, भांगलायला गेलाय."

"मग सांगितलं का न्हाय?"

"विचारलं कुणी? हे आल्यापासून माझंच तोंड सील करतायत."

दुसऱ्या दिवशी दोघांनी नेसरीची एसटी धरली. "आरोपी गावात लपलाय, हे मला पहिल्यापासून माहीत होतं," असं हंबीररावांनी वाटेत कंडक्टरला सांगितलं.

अभिराम मिरचीच्या रानात बायकांच्या ओळीत बसून खुरपं चालवत होता. डोक्याला टॉवेल, गुडघ्याला माती. गालावर मांस आलं होतं.

"पळालास, पण सापडलास!" हंबीरराव बांधावरून ओरडले.

"पळालो कुठं? रजा टाकून आलोय." अभिराम उठलाही नाही. "बसा की पावणं. भाकरी खाणार काय?"

"आमचा पाटकरी बंद पडलाय. हा काय पोरखेळ हाय? साऱ्या गावाचा हक्क हाय त्याच्यावर!"

"पावणं, तो बंद पडलेला न्हाय. शेतीपंपाची लाईट या सोमवारपासून दिवसाची रात्री झाली. दरवेळी नवी वेळ कुणीतरी प्रोग्राममध्ये भरायला लागती. इतके दिवस मी भरत होतो. तुमच्यातल्या कुणालाही भरता येतंय. ग्रुपवर सांगितलंतं मी."

"वाचलं की ते. मी अंगठा दिलाता."

"सगळ्यांनीच दिला. अंगठ्यानं वेळ भरत न्हाय."

शेजारच्या ओळीतली बाई हसली. अभिराम खुरपं थांबवून गुंडूकडे बघून बोलला. "इथं पैरा चालतोय, दादा. आज हिच्या रानात मी, उद्या माझ्या मावशीच्या रानात ही. कुणी कुणाला हक्क सांगत न्हाय आणि कुणी घरी बसून तण का राहिलं म्हणून विचारत न्हाय. तिकडं मी एकटाच भांगलत होतो. सगळे बांधावर उभं राहून मला ओळ दाखवत होते. मी दमलो. आता मला तुमची शाबासकी बी नको आणि शिव्या बी नकोत."

"पण देशाचं..." हंबीररावांनी सुरुवात केली.

"साहेब, जरा थांबा," गुंडू म्हणाला. त्यानं स्वतःचा फोन काढला आणि अभिरामशेजारी सरीत बसला. "कुठं भरायचं ते दाव. तू हात लावू नको. मी भरतो."

अभिराम भांगलत भांगलत सांगत गेला. गुंडूची बोटं जाड. पहिल्यांदा त्यानं लाईट चोवीस तास करून टाकली, तेव्हा हंबीररावांना ती सरकारी चूक वाटली. शेवटी बसलं. बांधावर ठेवलेल्या हंबीररावांच्या फोनवर निरोप टुण्णकन आला. त्यात सगळ्यांच्या पाळ्या होत्या. गुंडूची गुरुवारची. खाली प्रोग्राम आपणहून लिहायचा तसं लिहिलं होतं, 'वेळ भरणार: गुंडू.'

"केस सुटली," हंबीरराव म्हणाले. "गुंडू, गावात माझं नाव घ्यायला विसरू नको."

निघताना गुंडूनं त्या बाईच्या रानातल्या दोन ओळी भांगलून दिल्या. एसटी चुकली, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवारी रात्री यशराजनं चरफडत दार लावलं आणि पाणी शेपटाला आलं. गुंडू वाफ्यात उभा राहून भुईमुगाला पाणी पाजत होता, तोवर फोन सुरू झाले. पहिला यशराजचा. "गुंड्या, माझी पाळी रात्रीची आली. दिवसाची कर आत्ताच्या आत्ता." दुसऱ्याला अक्षरं मोठी पाहिजे होती. तिसरा नुसताच शिव्या देत होता. कशाबद्दल ते विचारल्यावर म्हणाला, आठवून सांगतो.

चौथा फोन हंबीररावांचा.

"गुंडू, मला निरोप उशिरा आला. मी तक्रार करणार."

"कुणाकडं?"

"तुझ्याकडंच! आता पाटकरी तूच की!"

"करा की साहेब. उद्या सकाळी माझ्या दुसऱ्या तुकड्यात भांगलण हाय. खुरपं घेऊन या. ओळीला बसल्यावर सगळी तक्रार ऐकून घेतो. यशराजला बी तेच सांगितलंय."

पलीकडे हंबीरराव कण्हायला लागले.

"मला मणक्याचा त्रास हाय, माहीत हाय न्हवं तुला?"

"मग तक्रार बी मणक्यातच ठेवा," गुंडू म्हणाला. त्यानं फोन बांधावर ठेवला, फावडं उचललं आणि पुढच्या वाफ्याला पाणी वळवलं.