अर्धी वळकटी

योग शिकवणारे मी पुढे पुष्कळ पाहिले, पण स्वतःची वळकटी निम्मीच उघडणारा माणूस एकच. आमचे पराडकर मास्तर.

सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर यायचे. चपला जिन्यात, घड्याळ खिशात आणि खांद्यावरची लाल सतरंजीची वळकटी खाली. ती बरोब्बर अर्धी उलगडायची. उरलेली अर्धी तशीच गुंडाळलेली, पाठीमागे. तेवढ्याशा जागेत सगळी आसनं. बरं, जागा कमी म्हणावी तर गच्चीवर लग्नाची पंगत बसली असती!

"मास्तर, पूर्ण उघडा की," मी एकदा म्हणालो.

"कशाला? परत गुंडाळायचीच आहे ना?"



मी मुळात योगाबिगातला माणूस नाही. पण ऑफिसच्या खुर्चीने कंबरेची पार वाट लावली होती. "एक तर गच्चीवर जा, नाहीतर कण्हणं बंद करा," असं बायकोने फर्मान काढलं. नव्वदच्या दशकातलं नेरूळ ते. माणसं कमी, मोकळे प्लॉट जास्त. कोणी गिरगावातून आलेलं, कोणी कणकवलीहून, कोणी साताऱ्याकडून. शेजाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवर वाचायचं आणि आपलं दार लावून घ्यायचं. गच्चीवर एकमेकांसमोर तंगड्या वर करायला लागलो तेव्हा कुठे ओळखी झाल्या. असा अवतार पाहिल्यावर माणूस परका राहतच नाही.

मास्तरांचं एकच पालुपद होतं, "सैल सोडा." आसनात तर म्हणायचेच, पण रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून भांडला तरी तेच, दूध नासलं तरी तेच. एकदा पंप जळला. आमचे सेक्रेटरी दिघे तणतणत गच्चीवर आले.

"सैल सोडा, दिघे."

"टाकीत थेंब नाही मास्तर, काय सैल सोडू?"

"आधी जबडा."

शेवटी शवासन. आम्ही सगळे आडवे आणि मास्तर ताठ बसून सांगणार, "पायाचा अंगठा सैल... घोटा सैल..." गुडघ्यापर्यंत येईतो दिघ्यांचं घोरणं सुरू. "शवासनात घोरणं म्हणजे परीक्षेत कोरा पेपर देणं," असं मास्तर म्हणायचे. स्वतः मात्र कधी आडवे झाले नाहीत. होणार तरी कुठे? वळकटी अर्धी.

हा माणूस कुठेच टिकत नसे. वाशी झाली, बेलापूर झालं, मग आमच्याकडे आला. शेजारच्या शिरवणे गावात भाड्याची खोली, तिथेही सामान म्हणे पिशवीतच. आमच्याकडूनही हलायला निघाले ते फराळाच्या डब्यामुळे. तळमजल्यावरच्या घोलपकाकू साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत. दिवाळीत त्यांनी मास्तरांना चकल्या-लाडवांचा डबा दिला. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून मास्तरांनी तो धुऊन, साखर घालून परत केला, आणि त्याच दिवशी जाहीर केलं, "रविवारी शेवटचा वर्ग. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या लोकांनी बोलावलंय. माणसं लोखंडासारखीच आहेत, वाकतात का बघू. तिकडेच खोली घेतोय."

"अहो, पण आमचं काय चुकलं?" मी विचारलं. खरं सांगतो, मला रागच आला होता. कंबर सुधारत होती, ते सोडा. या माणसाची सवय झाली होती.

"काही नाही चुकलं. माणसं डबे द्यायला लागली की मी निघतो." जिना उतरता उतरता ते थांबले. "एका घरात फार रमलो होतो हो. बायको गेली आणि ते घर खायला उठलं. आता कुठे रमायचं म्हटलं की भीती वाटते."

'सैल सोडा' म्हणणारा माणूस स्वतः किती आवळून बसला होता, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं फार.

रविवारी दिघ्यांनी रीतसर निरोप समारंभ ठेवला. शाल आणली, श्रीफळ आणलं, भाषणही लिहून आणलं. मास्तरांना आठची बस होती, म्हणून आधी वर्ग. शवासन आलं तशा घोलपकाकू उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर, आज तुमी आडवं व्हायचं. मी सांगती."

"नको हो काकू, मला..."

"उघडा ती वळकटी! रोज आमाला सांगता, आज आयका."

काकूंपुढे कोणाची टाप? मास्तरांनी वळकटी पूर्ण उघडली. आम्ही बघतच राहिलो. रोजची अर्धी उन्हाने विटून गेलेली आणि आतली अर्धी लालभडक, कोरी करकरीत.

"पायाचा आंगठा सैल सोडा. घोटा सोडा. आता गुडगं... दिघे, तुमी नगा झोपू, तुमाला न्हाई सांगत! मास्तर, डोक्यातलं समदं खाली ठिवा. आमी हितंच हाय."

आणि मास्तर घोरायला लागले.

कोणी हललं नाही. ऊन वर आलं, खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या, आठ वाजून गेले. दिघ्यांनी सत्काराची शाल हळूच त्यांच्या अंगावर घातली आणि भाषण खिशात ठेवलं.

मास्तर दचकून उठले. भोवती आम्ही सगळे गुपचूप बसलेलो.

"माझी बस?"

"गेली," काकू म्हणाल्या. "सैल सोडा."

मास्तर हसायला लागले, आणि हसता हसता शालीच्या टोकाने डोळे पुसू लागले. "बायको गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती," म्हणाले. श्रीफळ काकूंनी तिथल्या तिथे फोडलं आणि त्याची चटणी झाली.

कळंबोलीचा वर्ग त्यांनी घेतला, पण खोली शिरवण्यातलीच ठेवली. दुसऱ्या दिवशी आमचा वर्ग संपला आणि मास्तर जिन्याकडे निघाले, तर खांदा रिकामा.

"अहो मास्तर, वळकटी राहिली!" मी ओरडलो.

"राहू दे तिथेच," मास्तर म्हणाले. "उद्या यायचंच आहे ना?"